कराटे सोडून काहीही

रूपलला कराटेचा राग नव्हता. कराटे म्हणजे नेमकं काय, हेच तिला धड माहीत नव्हतं, तर राग कुठून येणार? तिचा राग होता हॉलमधल्या शोकेसवर. पूर्वी त्या शोकेसमध्ये सासऱ्यांना, म्हणजे सुरेशचंदजींना व्यापारी मंडळाने दिलेली मानचिन्हं असायची. आता खालचे दोन्ही कप्पे संयमच्या पदकांनी भरून गेले होते. संयम म्हणजे तिच्या थोरल्या जाऊबाईंचा, विधीभाभीचा मुलगा. धुळ्यातल्या त्यांच्या घरी कुणीही पाहुणा आला की तो आधी त्या शोकेसपुढे उभा राहून "वा, वा" करायचा. त्याचं मनसोक्त "वा, वा" करून होईपर्यंत चहाचा ट्रे धरून मागे उभी कोण, तर रूपल.

विधी वाईट असती तर रूपलचं सगळं सोपं झालं असतं. भांडली असती, मनमोकळं रडली असती, एरंडोलला माहेरी फोन करून चार गोष्टी सांगितल्या असत्या. पण विधी कुणाला टाकून बोलायची नाही. माहेर जळगावचं, सोन्याच्या पेढीवरचं, पण त्याचा तोरा नाही. स्कूटर चालवते, दुकानाचा जीएसटी बघते, वर दालबट्टी अशी करते की सासरे तिसरी बट्टी मागून घेतात. सासूबाई धापूबाईंच्या तोंडात उठता-बसता एकच, "विधीने पूछ." म्हणजे विधीला विचार. आमटीत मीठ किती, इथपासून मांडवात कोण बसणार, इथपर्यंत विधीने पूछ. अशा चांगल्या बाईवर जळायचं म्हणजे फार कष्टाचं काम. रूपल ते लग्न झाल्यापासून मन लावून करत होती.

तिचा अर्हम नऊ वर्षांचा, संयम बारा. अर्हमला जगात एकच देव ठाऊक, तो म्हणजे संयम. संयमने केस बारीक कापले की दुसऱ्या दिवशी हा न्हाव्यापुढे बसलेला. संयमने कारलं खाल्लं की हाही डोळे मिटून कारलं गिळायचा. त्यामुळे संयमच्या मागोमाग तोही कराटेच्या क्लासला जायला लागला, ते कुणाला विचारून नाहीच. दोन-चार दिवसांनी रूपल सहज म्हणून त्याला आणायला गेली. शाळेच्या त्या लांबड्या हॉलमध्ये मुलं दोन ओळींत उभी होती. एका ओळीत पट्टा मिळवलेली, समोर नवी. सरांनी टाळी वाजवली आणि नव्या मुलांनी जुन्यांपुढे कमरेत वाकून नमस्कार घातला. तिचा अर्हम संयमपुढे वाकला. नुसता वाकला नाही, हसत हसत वाकला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आईने जावेपुढे मान खाली घालायची ती घालायचीच, आता मुलानेही? त्याच पावली तिने अर्हमचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर काढलं.

"मम्मी, अजून सुटलं नाही!"

"तुझं सुटलं."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, पीयूषला, ठणकावून सांगितलं. अर्हमला काहीतरी शिकवायचं, स्वतःचं रक्षण करता आलंच पाहिजे, आजकालचे दिवस कसे आहेत. शिकवायचंच. फक्त कराटे सोडून काहीही.

"कराटेत काय वाईट आहे? दोघं बरोबर जातील-येतील," पीयूष म्हणाला. तो बिचारा आग्रा रोडच्या भांड्यांच्या दुकानात दिवसभर कुकर विकून आलेला. त्याला या कुकरमध्ये किती वाफ साठलीय, ते कसं कळणार?

"जन्मभर तो संयमचा भाऊच राहू दे का मग?"

"पण तो आहेच ना संयमचा भाऊ."

रूपलने त्याच्याकडे असं पाहिलं की पीयूषने मोबाइल उचलला आणि गॅलरी गाठली.

मग सुरू झाली शोधाशोध. पहिल्यांदा कुणीतरी कुस्तीचं नाव सुचवलं. खानदेशात जत्रा म्हटली की कुस्तीची दंगल आलीच, नाव होतं ते होतंच. नदीपलीकडच्या एका जुन्या तालमीत पितांबर वस्ताद होते. त्यांनी अर्हमच्या दंडाला बोटांनी चाचपून पाहिलं.

"काय नाव शे तुनं?"

"अर्हम."

"दूध पेस का?"

अर्हमने मान डोलावली.

"आनि आंडा?"

"आम्ही जैन आहोत, आबा," रूपल घाईघाईने म्हणाली.

"मंग काय झायं? बदाम खाई, तूप खाई, बठ्ठं चालस. पोऱ्याले उद्यापासून लंगोट बांधीसन धाडा."

रूपलच्या डोळ्यांपुढे शोकेस उभी राहिली. एका बाजूला संयम, पांढऱ्याशुभ्र कडक पोशाखात, कमरेला रंगीत पट्टा. शेजारी तिचा अर्हम, लंगोटावर, अंगाला माती. पाहुणे आधी हसतील आणि मग चहा घेतील. ती "विचार करून सांगते" म्हणून जी निघाली, ती परत त्या रस्त्याला फिरकली नाही.

मग ज्युदो. तिथले सर म्हणाले, पहिले काही महिने आम्ही फक्त पडायला शिकवतो. पडायला! रस्त्यात, बाथरूममध्ये, गच्चीच्या जिन्यात पोरं फुकट पडतात, आणि त्यासाठी क्लास लावायचा? विधीभाभीने विचारलं, काय शिकला गं अर्हम, तर काय सांगायचं, पडायला शिकला?

शेवटी देवपुरात तिला तायक्वांदो सापडलं. शिकवणाऱ्या सारिका मॅडम नरडाण्याच्या, अंगाने काटक, बोलायला मोजक्या. रूपल पोचली तेव्हा त्यांनी एका उंच मुलाच्या डोक्यावरची टोपी पायाने उडवली. टोपी पार खिडकीपर्यंत गेली. रूपलने जागच्या जागी ठरवून टाकलं.

"मॅडम, हे कराटेपेक्षा वरचं ना?"

"वरचं-खालचं असं काही नसतं, ताई. यात पाय जास्त, त्यात हात जास्त. अर्हमला काय आवडतं?"

"त्याला हेच आवडतं," रूपल म्हणाली. अर्हम खिडकीपाशी जाऊन ती टोपी उचलत होता. त्याने ऐकलं आणि टोपी त्या उंच मुलाला नेऊन दिली.

त्या दिवशी जेवताना रूपलने सगळ्यांना ऐकू जाईल अशी बातमी दिली. तायक्वांदो ऑलिंपिकमध्ये आहे. कराटे एकदा होतं, पुढच्या वेळी काढून टाकलं. धापूबाईंना ऑलिंपिकशी कर्तव्य नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आपण मुंगी चुकवून पाय टाकणारी माणसं, आणि पोरं लाथा मारायला शिकतायत." विधीने मात्र अर्हमच्या ताटात तूप वाढत म्हटलं, "छान झालं गं. दोघांचं वेगवेगळं असलं की मजा येते."

तिने तोंड वाकडं केलं असतं तर रूपलला घास गोड लागला असता. पण विधीला मनापासून छान वाटलं होतं. म्हणजे हिला आपली भीतीच वाटत नाही! त्या जेवणातला पापडसुद्धा रूपलला कडू लागला.

पुढे काय झालं ते सांगायला फार डोकं नको. अर्हम देवपुरात जायचा, पाय उचलायचा आणि त्याचं लक्ष घड्याळाकडे असायचं. "मम्मी, मला हे नको," असं त्याने एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग म्हणायचं सोडून दिलं. रूपलने ते सवय होत असल्याचं लक्षण मानलं. इकडे संयमची नाशिकच्या विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. धापूबाई, ज्यांना मुंगी चुकवायची होती, त्याच आता समाजातल्या बायकांना फोन लावून सांगू लागल्या, "म्हारो संयम नाशिक जावे है." फोन स्पीकरवर. रूपल शेजारी बसून मेथीदाणे निवडत होती.

आषाढात चातुर्मासासाठी महासतीजी जैन स्थानकात, समाजाच्या प्रार्थनागृहात, आल्या. साध्वींचा मुक्काम आला की घराघरांत नेम-नियमांची हवा सुटते. कुणी उपवास धरतं, कुणी हिरवी भाजी सोडतं. रविवारी मुलांचं शिबिर असायचं आणि शेवटी ज्याला जमेल त्याने एखादा नियम घ्यायचा. महासतीजींसमोर हात जोडून पच्चक्खाण घेतलं की संपलं, मग तो नियम मोडायचा नाही.

ही कल्पना रूपलला पोळ्या लाटताना सुचली. चौविहार! सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. कराटेचा क्लास संध्याकाळी, सुटतो तोवर अंधार पडलेला असतो. आणि ते सर असे कडक, की हातात पाण्याची बाटली नसली तर मुलाला उभंच करत नाहीत. संयमने चार महिने चौविहार धरला की क्लास बंद, नाशिक बंद. आणि यात वाईट काय? धर्माचंच काम. मुलाला पुण्यच लागणार. मत्सराला असा धर्माचा सदरा घातला की तो किती सभ्य दिसतो! रूपलला स्वतःचाच अभिमान वाटला.

पीयूषला तिने दुपारी हे सांगितलं तेव्हा तो हातातला वर्तमानपत्राचा कागद खाली ठेवून म्हणाला, "हे बरं नाही, रूपल."

"मी कुठे जबरदस्ती करतेय? त्याची इच्छा असली तर घेईल. आणि घेतला की क्लास आपोआप बंद."

रविवारी शिबिराआधीच तिने महासतीजींना वंदना केली आणि हळूच सांगितलं, आमचा संयम फार भाविक आहे, चौविहाराचं त्याच्या मनात आहे, पण लाजतो, तुम्ही विचारलंत तर उभा राहील. महासतीजींचा चेहरा खुलला. शिबिर संपताना त्यांनी भरल्या स्थानकात विचारलं, "संयम, चातुर्मासभर चौविहार करशील?"

संयम गोंधळला. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणायचं? तो उठला आणि त्याने हात जोडले. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, धापूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. विधीच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली आणि रूपलच्या छातीत दिवाळी झाली.

आणि तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने, सतरंजीवरून, अर्हम उठला. संयमच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्यानेही हात जोडले.

रूपलने डोळे वटारले. हाताने खुणा केल्या, बस, बस खाली. पण बायका एका बाजूला आणि पुरुष-मुलं दुसऱ्या बाजूला, मधून जाता येत नाही आणि स्थानकात ओरडता येत नाही. अर्हमने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महासतीजींनी पच्चक्खाणाचा पाठ म्हटला. एवढी लहान दोन मुलं! आजूबाजूच्या बायका रूपलचा हात हातात घेऊ लागल्या. "धन्य आहे हो तुमची! काय संस्कार आहेत!" रूपल हसली. ते हसू तिला घरी पोचेपर्यंत काढता आलं नाही.

संयमचं काहीच अडलं नाही. विधीने सरांना एक फोन केला. सर म्हणाले, सकाळीही एक बॅच असते, पाठवा. बस, संपलं. अडलं ते अर्हमचं. सारिका मॅडमचा वर्ग संध्याकाळचाच, दुसरा नाही, आणि घामाघूम झालेल्या मुलाला पाणी प्यायचं नाही म्हणून सांगायला त्या तयार नव्हत्या. "चातुर्मास संपला की आणा, ताई. जागा ठेवते." रूपलने लावलेला फास तिच्याच गळ्यात पडला. आणि अर्हम? तायक्वांदोचा पोशाख त्याने स्वतः घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवला. सकाळ झाली की कराटेच्या क्लासला, विधीच्या स्कूटरवर मागे संयम आणि पुढे पायाशी अर्हम. नाही म्हणायला रूपलला कारण सुचेना. मुलगा मोकळा आहे, भाऊ निघालाय, घेऊन जाते म्हणतेय मोठी जाऊ. गॅलरीतून ती बघत राहायची. गल्लीच्या वळणावर अर्हम काहीतरी बोलायचा आणि विधी खदखदून हसायची. आपल्याशी बोलताना हा इतकं काय बोलतो? काहीच बोलत नाही. आता तिला पदकांचा नाही, त्या हसण्याचा हेवा वाटू लागला, आणि हा हेवा पहिल्यापेक्षा जास्त दुखायचा.

श्रावणात संयम नाशिकला गेला आणि पहिल्याच फेरीत हरला. विधीचा फोन आला तो रूपलनेच घेतला. "अरेरे," ती म्हणाली, "जाऊ दे भाभी, पुढच्या वर्षी." पण फोन ठेवताना तिला असं हलकं हलकं वाटलं, की तिने न विचारता सगळ्यांसाठी चहा टाकला. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही, खरंच नाही. अर्हमला सांगायला म्हणून ती खोलीत गेली. "संयम हरला रे," असं म्हणताना आवाजातला आनंद तिने लपवला, निदान तिला तसं वाटलं. अर्हमने तिच्याकडे पाहिलं आणि तो पलंगावर पालथा पडून रडायला लागला. असा रडला की जणू तोच हरला. ती पाठीवरून हात फिरवायला गेली तर त्याने खांदा झटकला. बाहेर चहा उतू जाऊन गॅस विझला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतं राहिलं. दप्तर भरलं का, भरलं. जेवलास का, जेवलो. सूर्य कलला की तो आपणहून पाण्याचा शेवटचा ग्लास पिऊन घ्यायचा.

मग पर्युषण आलं आणि संवत्सरी झाली. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायची. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत घरातले सगळे एकमेकांच्या पाया पडले. पारण्याच्या सकाळी रूपल विधीच्याही पाया पडली. नजर तिच्या पायांतल्या जोडव्यांवर, शब्द तोंडातल्या तोंडात, आणि लगेच दुसरीकडे वळली. दरवर्षी तसंच असायचं. विधीनेही हात जोडले.

रूपल वर खोलीत येऊन साडीची निरी नीट करत होती, तर दारात अर्हम. हात जोडलेले.

"मम्मी, मिच्छामि दुक्कडम्."

"हो रे बाळा, मिच्छामि दुक्कडम्. खाली जा, दूध घे."

तो हलला नाही. "महासतीजी म्हणाल्या, नुसतं म्हणायचं नाही. कशाबद्दल ते सांगायचं."

"बरं, सांग. माझा चार्जर तोडलास का?"

"त्या दिवशी तू पप्पांना सांगत होतीस, की चौविहार घेतला की संयमचा क्लास बंद होईल. मी गॅलरीत होतो. म्हणून मी पण घेतला. मग माझं तायक्वांदो बंद होईल ना, म्हणून. मी धर्मासाठी नाही घेतला. सगळे मला शाबास म्हणाले आणि मी काही बोललो नाही."

रूपल पलंगावर बसली. निरी हातातून सुटली.

"एवढं नको होतं तुला ते? मग मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं."

सांगितलं होतं. एकदा, दोनदा. तिला दोन्ही वेळा आठवल्या, आणि दोन्ही वेळेला ती शोकेसचा विचार करत होती तेही आठवलं.

मग तिला एकदम धसका बसला. तिने त्याचे दोन्ही दंड धरले. "हे तू कुणाला बोललास?"

"संयमला. त्याची पण क्षमा मागायची होती ना. मला माहीत होतं तरी मी त्याला आधी सांगितलं नाही."

"काय सांगितलंस? सगळं?"

"माझं सांगितलं. त्याला चौविहाराचं विचारणार, हे मला आधीच कळलं होतं, एवढंच. कुणाकडून ते नाही सांगितलं."

"आणि बडी मम्मीला, विधीभाभीला?"

अर्हमने नाही म्हणून मान हलवली. आईला एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेने त्याने तिच्याकडे पाहिलं.

"ते तुझं आहे ना, मम्मी. तुझं मी कसं सांगू? तुझं तूच सांगायचं असतं."

एवढं बोलून तो दूध प्यायला खाली पळाला. जिन्यातच त्याने संयमला हाक मारली.

मुलाने आपल्याला झाकलं की उघडं पाडलं, तेच रूपलला उमगेना. नऊ वर्षांचं पोर हात जोडून उभं राहिलं आणि आपलं म्हणून सांगून मोकळं झालं. तिला त्याचाही हेवा वाटला. मग ती उठली, निरी खोचली आणि जिना उतरली.

स्वयंपाकघरात विधी मुगाचं पाणी ढवळत होती. धापूबाई देवघरात होत्या, मुलं हॉलमध्ये.

"भाभी."

"काय गं?"

"मघाशी मी नुसतंच म्हटलं होतं."

विधीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ती तिच्याकडे वळली.

"हं," ती म्हणाली, "सांग."